अक्का, भिंतीवर तुमचं नाव नको

अक्का, मागच्या मंगळवारी तुमच्या फोटोला प्रमिलाबाईंनी हार घातला. झेंडूचा, चांगला जाडजूड. घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, कारण मी अगदी जवळ बसून निरखून पाहत होते. तुमच्या जागी मुख्याध्यापिका म्हणून आल्यापासून ज्या बाईने तुमची एकही पद्धत शाळेत शिल्लक ठेवली नाही, ती बाई तुमच्यासाठी रडत होती. तुम्ही असतात तर तिला पाणी दिलं असतंत. मी दिलं नाही. माझ्या शेजारीच तांब्या होता.

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाने शाळेत शोकसभा ठेवली. तिथे मी काहीतरी बोलले आणि तेव्हापासून आपल्या देवपुरात माझ्याशी सरळ बोलणारी माणसं कमी झाली आहेत. तुमच्या कानावर ते माझ्याच तोंडून जावं म्हणून हे लिहायला बसले. ऐकून तुम्ही रागावणार, हे धरूनच चालले आहे. आपलं तसंही कोणत्या गोष्टीवर पटकन एकमत झालं होतं?

पहिला दिवस आठवतो का? मी लग्न होऊन जळगावहून नुकतीच आले होते. बालवाडीचा कोर्स केलेला, प्रमाणपत्र पिशवीत, साडीच्या निऱ्या कडक. तुम्ही प्रमाणपत्र पाहिलंच नाही. रडून रडून उचकी लागलेलं एक शेंबडं पोर माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "शकू, हे गप्प होईपर्यंत तू काही शिकवू नको. मी पलीकडच्या वर्गात आहे." माझं नाव शकुंतला आहे हे तुम्हाला कळून जेमतेम घटकाभर वेळ झाला होता आणि मी शकू होऊनही गेले होते. ते पोर दुपारपर्यंत गप्प झालं नाही. माझ्या नव्या साडीवर त्याने नको ते सगळं केलं. सुटताना तुम्ही विचारलंत, "काय शिकलीस?" मी चिडून म्हणाले, "साडी जुनी नेसून यायची." तुम्ही इतक्या हसलात की नोकरी पक्की झाली हे मला तिथेच कळलं.

शाळा म्हणजे तरी काय होती? पत्र्याच्या खोल्या, शेणाने सारवलेली जमीन, मागे पांझरा नदीकडे उतरणारी पायवाट. बालवाडी आणि पहिली-दुसरी. पोरं सगळी खेड्यांतून धुळ्यात आलेल्या माणसांची. बाप हमालीला नाहीतर भाजीच्या गाडीवर, आया सकाळीच कामावर. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि मधल्या खड्ड्यात पडलेली ही चार-पाच वर्षांची पोरं तोंडात बोट घालून उभी. इतर शाळांतल्या बाया "नीट बोल" म्हणून डाफरायच्या. तुम्ही त्यांच्याच बोलीत विचारायचात, "काय खादं रे आज?" आणि पोर बोलायला लागायचं. मी जळगावची, मला ते नीट जमायचं नाही. माझं ऐकून पोरं हसायची आणि तुम्ही म्हणायचात, हसू दे, हसलं म्हणजे भीती गेली.

जूनमध्ये पोरं घालायला बाप लोक यायचे तेव्हाची गंमत मला अजून आठवते. काही जण पोराला एका हाताने धरून आणायचे आणि दुसऱ्या हातात निंबाची ताजी छडी. पाला साफ केलेली, मुठीकडे जरा जाड ठेवलेली. मास्तराला द्यायची म्हणून. "बाई, पोऱ्या नाठाळ शे. ऐकं नही तं ठोका बिनधास्त. मी इचाराले येवाव नही." तुम्ही ती छडी दोन्ही हातांनी घ्यायचात. पाहुण्याने आणलेला खाऊ घ्यावा तशी, बापाचा मान राखून. मग पोराच्या देखत बाहेर जाऊन भिंतीजवळच्या वालाच्या वेलाशेजारी मातीत खोचून यायचात. वेलाला आधार. श्रावणापर्यंत त्या सगळ्या छड्या वालाच्या पानांनी झाकून जायच्या आणि त्याच्या शेंगांची भाजी आपण डब्यात खायचो. पोरं स्वतःच्या बापाची छडी ओळखून दाखवायची, "ती मन्हा बापनी शे." मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, अक्का, तुम्ही लोकांना सरळ सांगत का नाही की आम्ही मारत नाही? तुम्ही म्हणालात, सांगितलं तर दुसऱ्या शाळेत नेऊन घालतील. तेव्हा मला ही हुशारी वाटली होती. तुमच्या न बोलण्याची ती पहिली खूण होती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि तुमची ती मागे चालायची पद्धत. नव्या बाईला ही गोष्ट सांगितली तर ती मला वेड्यात काढते. पोर शाळेतून पळालं तर त्याला धरायचं नाही, ओढून आणायचं नाही. "चाल, तुन्हा घर जाऊत. तू पुढे, मी मांगे," असं म्हणायचं आणि त्याच्या मागे त्याच्या घरापर्यंत चालत जायचं. रस्ता आला की हात पुढे करायचा, पोराने धरला तर धरला, नाही धरला तर आपण वाहनाच्या बाजूने चालायचं. घर आलं की आईला सांगायचं, "पळून नाही आला, चालत आला." घरी आई नसली तर ओट्यावर बसायचं. मग पोर स्वतःच कंटाळायचं आणि म्हणायचं, "बाई, शाळामा जाऊत." तुमचं म्हणणं, ज्याला बाहेर जाता येतं त्याला आत बसायची भीती वाटत नाही. माझं म्हणणं, धुळ्याचं ऊन तुमच्या म्हणण्याला ऐकत नाही आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय. तरी मी जायची. मागे राहिलेला माझा अख्खा वर्ग तुम्ही तुमच्या वर्गात घेऊन बसायचात.

गोट्या हा त्यातला सगळ्यात मोठा पळपुटा. प्रार्थना संपली की दप्तर तिथेच टाकून निघायचा. त्याची आई पुलापलीकडे धुण्याभांड्याची कामं करायची आणि त्याला तिच्याकडे जायचं असायचं. मी त्याच्या मागे इतकी चालले आहे की त्या रस्त्यावरचे दुकानदार मला विचारायचे, "बाई, आज गोट्या नही का?" शेवटी एक दिवस प्रार्थना संपली आणि गोट्या बसून राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "आज तुमना पाय दुखत व्हतीन ना?" मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही मोहरी निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, "झालं. आता तो कुठेही जाणार नाही." तुमच्या आवाजात जो आनंद होता तो मी नंतर कुठल्याच शिक्षकाच्या आवाजात ऐकला नाही. त्या एका दिवसासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे आणि हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला वेळ भरपूर होता.

पण त्याआधीच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी मला पाहिलं होतं. पुलावर, गोट्याच्या मागे, पदर डोक्यावर घेऊन. मंडळाचे अध्यक्ष, स्कूटर थांबवून विचारतात, "हे काय? आमची बाई पोरामागे हिंडते की पोर बाईमागे?" मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "दोन वाहनं आदळली आणि पोर गेलं तर लोक मला विचारतील." ते अगदीच चूक नव्हते, तेवढं मी मान्य करते. पण त्यांनी उपाय काय केला? सुतार बोलावला आणि वर्गांच्या दारांना बाहेरून कड्या ठोकल्या. प्रार्थना झाली की शिपायाने कडी लावायची, सुटताना काढायची.

तुम्ही मंडळाच्या बैठकीत विरोध केलात. लहान पोरांना बाहेरून कडी लावू नये, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कडी राहिली. मग तुम्ही तुमचा मार्ग काढलात. भाऊसाहेबांची स्कूटर दिसली की कडी लागायची, गेली की निघायची. मला ते आवडत नव्हतं. "काढून टाकायची तर काढून टाकू, लपाछपी कशाला?" मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, भाऊसाहेब वाईट माणूस नाही, त्याला वेळ दे. वेळ दिला आपण, अक्का. एप्रिलपर्यंत दिला.

त्या दिवशी त्यांनीच आपल्या सगळ्यांना स्नेहसंमेलनाचं ठरवायला ऑफिसात बोलावलं. तुम्ही म्हणालात, एक जण वर्गावर राहू द्या. ते म्हणाले, "कडी आहे ना? मग कशाला लावली?" शिपायाने कड्या लावल्या आणि ऑफिसातल्यांसाठी चहा सांगायला गेला. पत्रा तापलेला. माझ्या वर्गात आढ्याला गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि कुण्या पोराने त्याला चेंडू मारला. माश्या उठल्या आणि सगळी पोरं दाराकडे धावली. दार उघडत नव्हतं. गोट्या सगळ्यांत पुढे होता. बिजागरीच्या फटीत बोटं घालून तो दार ओढत होता आणि मागून सगळ्यांचा रेटा.

तो आवाज मी ऑफिसातून ऐकला. कडी मी काढली. तुम्ही त्याचं बोट पदरात गुंडाळून त्याला उचललंत आणि त्या उन्हात अनवाणी डॉक्टरांकडे पळालात. बोटाचं टोक गेलं ते गेलंच. उजव्या हाताचं, पाटीवर लिहायचं.

दोन दिवसांनी पालकांची सभा. भाऊसाहेब म्हणाले, बाईंचं वर्गावर लक्ष नव्हतं. मी उठायला लागले तर तुम्ही माझा पदर धरून मला खाली बसवलंत. आणि स्वतः उभ्या राहिलात. "मुख्याध्यापिका मी आहे. चूक माझी आहे." एवढंच. गोट्याची आई समोरच बसली होती. ती तुमच्याकडे अशी बघत होती की मला तिच्याकडे बघवेना. त्याच पोराला तुम्ही आणि मी मिळून पुलावरून कितीदा तिच्यापर्यंत पोचवलं होतं, आणि आता ती तुमच्या तोंडाकडे बघत होती.

त्या संध्याकाळी तुमच्या घरी आपलं भांडण झालं. तुमचे नाना शनिवारचे भुसावळहून आले होते, रेल्वेच्या वर्कशॉपमधून थेट, आणि आपल्यासाठी चहा करून निमूट आत जाऊन बसले. मी ओरडले होते, आठवतं ना? हुकूम कुणाचा, कडी कुणाची, आणि चूक तुमची कशी? तेव्हा तुम्ही सांगितलंत की भाऊसाहेबांशी बोलणं झालंय. तुम्ही दोष अंगावर घ्यायचा, त्यांनी कड्या काढायच्या. मंडळाचं नाव खराब झालं तर शाळा बंद पडेल आणि ही पोरं कुठे जातील? मी म्हटलं, निदान गोट्याच्या आईला तरी खरं सांगा. तुम्ही म्हणालात, "कुणाच्या हुकमाने बोट गेलं हे कळून तिला काय मिळणार आहे, शकू? बोट तर येणार नाही." आणि मला शपथ घातलीत. तुमची. मी ती पाळली. पाळताना रोज तुमच्यावर चिडले.

कड्या निघाल्या, खरं आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत निघालेल्या राहिल्या. जूनमध्ये तुम्हाला समजुतीने सांगण्यात आलं की आता विश्रांती घ्या, तब्येत सांभाळा, पालकांचा विश्वास उडालाय. प्रमिलाबाई आल्या. त्यांच्याबरोबर छडी आली आणि शाळा सुरू होताच कड्याही परत आल्या. तुम्ही ज्या गोष्टीसाठी स्वतःला विकलंत ती त्यांनी तुम्ही दाराबाहेर पडताच परत नेली. मी तुम्हाला हे सांगायला आले तेव्हा तुम्ही ओसरीवर वाती वळत होतात. मला वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "तू तिथेच राहा. निदान एका वर्गात तरी मार नको." आणि पुन्हा वातीला लागलात.

म्हणून मी राहिले, अक्का. तुम्ही सुटलात आणि मला तिथे ठेवलंत. मी तुमच्या जागी बसवलेला पहारेकरी. माझ्या वर्गाची कडी मी दोराने मागे बांधून ठेवते, ती लागतच नाही, आणि प्रमिलाबाईंना वाटतं ती बिघडली आहे. पण भिंतीपलीकडून छडीचा आवाज येतो. "हाताची घडी, तोंडावर बोट" असं एकदा ओरडलं की पलीकडची सगळी पोरं चिडीचूप होतात. पालक खूश आहेत. प्रवेशासाठी रांग लागते. आता कुणाला छडी घरून आणावी लागत नाही. आपण दोघींनी जे केलं ते लोकांना हवंच नव्हतं का, असं मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, लोकांना नाही, पोरांना हवं होतं. हे उत्तर मला तेव्हा पुरलं नाही. आजही पुरत नाही.

आता मंगळवारचं.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. अक्कांनी या परिसरातल्या मुलांना शिस्त लावली, म्हणाले. शिस्त! मी मांडीखाली हात दाबून बसले. मग त्यांनी सांगितलं की नवीन सिमेंटची इमारत उन्हाळ्यापर्यंत पूर्ण होतेय आणि मंडळाने ठरवलंय की तिच्या दर्शनी भिंतीवर अक्कांचं नाव मोठ्या अक्षरांत घालायचं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. नाना पहिल्या रांगेत होते, त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मला क्षणभर वाटलं, शकू, बस खाली, तोंड मिटून घे.

मी उठले. तुम्ही तिथे नव्हतात, माझा पदर धरायला कोणी नव्हतं.

मी म्हणाले, "ज्या दाराला बाहेरून कडी लागते त्या दारावर अक्कांचं नाव नको. आधी कड्या काढा. छडी बंद करा. मग नाव घाला, मी स्वतः हळदकुंकू वाहीन." मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून बाकीचंही बोलले. कड्या कुणी लावल्या, त्या दिवशी आपल्याला ऑफिसात कुणी बोलावलं, आणि तुम्ही दोष कोणत्या बोलीवर घेतलात. शपथ मोडली. तुम्ही जिवंत असेपर्यंतची होती ती, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

भाऊसाहेब म्हणाले, "शोकसभेत राजकारण नको, बाई." प्रमिलाबाई म्हणाल्या, "भावनेच्या भरात बोलताहेत." माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप मागून ओरडला, "बसा खाली, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा." मी बसले. तुमचाच मान ठेवत होते असं त्याला कसं सांगणार? नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोट्याची आई माझ्या दारात. ती सभेला नव्हती, पण देवपुरात बातमीला पाय फुटतात. मी आत या म्हटलं, आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "बाई, खरं शे का?" मी हो म्हटलं. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "इतला साल मी त्या बाईले शाप दिना. गोट्याना हात दखू तवय शाप दिना. तिना मयतले बी मी गऊ नही. माले काब्र नही सांगं कोनी?"

अक्का, तुम्ही विचारलं होतंत, कळून तिला काय मिळणार आहे? हे मिळालं असतं. तुमच्याकडे येऊन बसता आलं असतं. तुम्ही आजारी होतात तेव्हा तुमच्या पायांना तेल लावता आलं असतं. ती तशी बाई आहे, तुम्हाला माहीत होतं. तुमच्या चांगुलपणाने तिला इतकी वर्षं एक चुकीचं वैर सांभाळायला लावलं. मी तिला तुमची शपथ होती म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शपथ तुमनी, बोट मन्हा पोऱ्यानं." मग पदराने तोंड पुसून कामावर गेली. या भांडणात शेवटी मीच बरोबर ठरले आणि मला त्याचा काडीइतकाही आनंद झाला नाही.

मंडळाची बैठक झाली. मला वाटलं होतं, भाऊसाहेबांना लाज वाटेल. निदान लोकलाजेने तरी कड्या निघतील, मग नाव लागेल, आणि नानांचंही समाधान होईल. इतक्या वर्षांनंतरही मी मूर्खच राहिले. त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या, कडी काढायची किंवा नाव काढायचं. त्यांना नाव काढणं सोपं वाटलं. इमारतीला आता भाऊसाहेबांच्या मातोश्रींचं नाव लागणार आहे. प्रमिलाबाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्याच इच्छेप्रमाणे झालं." मी म्हटलं, मला आनंदच आहे. खोटं बोलले. वर्गात येऊन तोंडावर पाणी मारलं आणि पोरांना गाणं म्हणायला लावलं.

मग नानांकडे गेले. जायला मन धजत नव्हतं, तरी गेले. ते ओसरीवर बसले होते, तुमच्या जागेवर नाही, पलीकडे खांबाजवळ. धरणगावकडचा हा माणूस उभा जन्म भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये स्वतःच्या हाताने भाकरी थापत राहिला, तुमची शाळा सुटू नये म्हणून. निवृत्त होऊन आला तेव्हा तुमची शाळा गेलेली आणि मग तुमचा आजार. मी समोर बसले आणि म्हणाले, "नाना, मला बोला काहीतरी. शिव्या द्या."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तू बोलनी ते खोटं नही शे, शकू. तिले बी आवडतं नही ते नाव." मला हायसं वाटणार इतक्यात ते पुढे म्हणाले, "पन ती गयी. तिले काय, आवडो का नको. मी शे ना आजून. तिनं नाव येता-जाता नजरे पडतं, इतलंच पाहिजे व्हतं माले."

मी उठून आत गेले. चहा केला, त्यांनी अर्धा घेतला. निघताना "येत जाजो" म्हणाले, रागाचा एक शब्द नाही. तुम्हा दोघा नवरा-बायकोंना माणसाला नीट शिव्याही देता येत नाहीत, हा तुमचा मोठा दोष आहे.

रंगाऱ्याने कालपासून नव्या भिंतीवर अक्षरं आखायला घेतली आहेत. निळ्या रंगात, लांबून दिसतील अशी. तुमचं नाव तिथे असतं तर आत रोज पोरं मार खात राहिली असती आणि लोकांनी म्हटलं असतं, ही अक्कांची शाळा. ते मी होऊ दिलं नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उठेन, पुन्हा तेच बोलेन. तुम्ही मला अडवलं असतंत, तरी बोलेन.

पण नाना आता शाळेसमोरच्या रस्त्याने येत नाहीत. भाजीला जायचा तोच जवळचा रस्ता आहे, त्यांचे गुडघे दुखतात, आणि तरी ते मागच्या गल्लीतून लांबचा फेरा घालून बाजारात जातात. आज सकाळी मी खिडकीतून त्यांना पिशवी घेऊन वळताना पाहिलं. मी बरोबर बोलले, अक्का. आणि नाना लांबून जातात.